ओल्यात की सुक्यात?

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपचं नाव ‘फक्त महत्त्वाच्या सूचना’ असं आहे. पाण्याची टाकी कधी धुणार, लिफ्ट कधी बंद आणि मीटरच्या खोलीची किल्ली शेवटी कुणाकडे पाहिली, एवढंच त्यात यावं असा तो काढताना ठराव झाला होता. डोंबिवली पूर्वेला, स्टेशनपासून जाहिरातीत सात मिनिटं आणि पायी बावीस मिनिटं अंतरावर आमची इमारत आहे. तिथे एकमेकांना सगळे फ्लॅटच्या नंबरांनी ओळखतात. माणसं बदलतात, भाडेकरू येतात-जातात, पण ४०२ हा ४०२च राहतो.

१०४ मध्ये एक नवं जोडपं राहायला आलं. त्यातल्या मुलीने एका रविवारी सकाळी ग्रुपवर लिहिलं, “नमस्कार. अंड्याची टरफलं ओल्या कचऱ्यात टाकायची की सुक्या?”

बिचारी नवीन होती. प्रश्न विचारला की उत्तर मिळतं, अशी तिची समजूत होती.

पहिला प्रतिसाद ४०२ कडून आला. ४०२ म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले काका. त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या अर्जांवर शेरे मारले आणि आता अर्ज येत नाहीत म्हणून मेसेजवर मारतात. त्यांनी लिहिलं, “म्हणजे आपल्या बिल्डिंगमध्ये अंडी येतात??” प्रश्नचिन्हं दोन. पाठोपाठ दुसऱ्या मजल्यावरून २०३ उतरले. “काका, अंडी येत नाहीत, माणसं आणतात. काय खावं हे ठरवायचा अधिकार संविधानाने त्यांना दिला आहे.”

तिसऱ्याच मेसेजला संविधान आलं. अजून चहासुद्धा झाला नव्हता.

माइक गॉडविन नावाच्या एका अमेरिकन वकिलाने १९९० साली एक नियम मांडला होता. संगणकावरची कुठलीही चर्चा लांबत गेली की कुणीतरी कुणाची तरी तुलना हिटलरशी करण्याची शक्यता शंभर टक्क्यांच्या जवळ जात राहते. गॉडविन साहेब डोंबिवलीला कधी आले नसावेत. आम्हाला एवढं लांब, थेट जर्मनीपर्यंत, जावं लागत नाही. फास्ट लोकल ठाकुर्ली-कोपर न बघता सुटते, तसा आमचा वाद अंड्यावरून निघतो तो मधली स्टेशनं सोडून थेट १९४७ला थांबतो. तिथे नेहरू चढतात. गर्दी फार झाली तर गाडी पुढे पानिपतापर्यंत जाते आणि मग विश्वासरावांना गोळी लागली नसती तर आज टरफलांचा प्रश्नच उरला नसता, असं कुणीतरी सिद्ध करून दाखवतं.

विचारसरणीचं म्हणाल तर ४०२ उजवे आणि २०३ डावे. ४०२ ना पाश्चात्त्य संशोधनावर अजिबात विश्वास नाही; ‘हार्वर्डनेही आता मान्य केलं’ या वाक्यावर मात्र पूर्ण विश्वास आहे. २०३ कष्टकऱ्यांच्या बाजूने असं काही लिहितात की वाचताना मूठ आवळली जाते. रात्रपाळीचा वॉचमन खुर्चीत बसून असतो अशी लेखी तक्रारही त्यांचीच. मी तिसऱ्या मजल्यावर राहतो. म्हणजे भौगोलिकदृष्ट्याही मधोमध, त्यामुळे वरून पडलेलं आणि खालून उडालेलं दोन्ही माझ्याच गॅलरीत येतं.

दुपारी जेवणं झाल्यावर विज्ञान आलं. आमच्याकडे विज्ञान नेहमी जेवणानंतर येतं आणि लिंकच्या रूपाने येतं. “धक्कादायक! रोज अंडी खाणाऱ्यांबद्दल शास्त्रज्ञांचा मोठा खुलासा.” हे शास्त्रज्ञ कायम खुलासे का करत असतात, कोण त्यांच्यावर आरोप करतं, हे मला आजवर कळलेलं नाही. लिंक ४०२ नी टाकली होती. अमेरिकेत २०१९ साली तीसेक हजार माणसांच्या नोंदी तपासून निघालेला निष्कर्ष होता की अंडी जास्त खाणाऱ्यांना हृदयविकाराचा धोका जरा जास्त दिसतो. २०३ नी पाच मिनिटांत २०२०चा अभ्यास आणून आदळला. त्यात माणसं दोन लाखांहून अधिक, आणि दिवसाला एखादं अंडं खाल्ल्याने हृदयाला काही फरक पडत नाही असा निकाल. शिवाय हा अभ्यास हार्वर्डचा! ४०२ क्षणभर थांबले. मग त्यांनी लिहिलं, “ती परदेशी अंडी. आपल्या अंड्यांचं वेगळं असतं.”

सगळ्यांनी ज्या अंड्यावरून एवढा आरडाओरडा केला त्या अंड्याची मला खरोखर दया येते. १९६८ साली अमेरिकेच्या हार्ट असोसिएशनने सांगितलं, आठवड्याला तीनच खा. १९८४ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाने मुखपृष्ठावर दोन अंड्यांचे डोळे आणि बेकनच्या पट्टीचं पडलेलं तोंड छापलं, कोलेस्टेरॉलची वाईट बातमी म्हणून. इकडे आपल्याकडे १९८२ साली अंडी समन्वय समिती निघाली आणि तिने जाहिरातीत वाराचं निमित्त करून रोज अंडी खायला सांगितलं. म्हणजे जग अंडं सोडत होतं तेव्हा दूरदर्शन ते आपल्या तोंडात घालत होतं. मग अमेरिकेने २०१५च्या आहार-मार्गदर्शिकेत कोलेस्टेरॉलची ती दिवसाला तीनशे मिलिग्रॅमची मर्यादाच काढून टाकली. या सगळ्या काळात कोंबडीने आपल्या कामात एका दिवसाचाही बदल केला नाही.

आणि हे अभ्यास होतात कसे? माणसांना बसवून विचारतात, गेल्या वर्षी तुम्ही आठवड्याला साधारण किती अंडी खाल्लीत? मला काल रात्री भाजी कोणती होती ते आठवत नाही. आमच्या घरात याच प्रश्नावरून परवा भांडण झालं. मी आत्मविश्वासाने “दोडका” म्हणालो आणि भाजी पडवळाची निघाली. असल्या स्मरणशक्तीवर दोन लाख माणसांचं शास्त्र उभं आहे. ते करणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं. म्हणून ते आपल्या लेखात “संबंध दिसतो, पण कारण हेच असं म्हणता येत नाही” असं लिहून ठेवतात. ते वाक्य लिंकच्या वाटेत कुठेतरी गळतं. उंदीरही तसेच गळतात. “हळदीने अमुक आजार बरा” ही बातमी शेवटपर्यंत वाचली तर शेवटच्या ओळीत उंदीर सापडतो. आमच्या ग्रुपवर शेवटच्या ओळीपर्यंत पोहोचलेला माणूस अजून सापडलेला नाही.

माझ्या माहितीतला या प्रकारातला सर्वांत गोड किस्सा २०१५चा. जॉन बोहॅनन नावाच्या पत्रकाराने जर्मनीतल्या काही साथीदारांबरोबर मुद्दाम एक फुसका प्रयोग केला. जेमतेम पंधरा-सोळा माणसं, तीन आठवडे, काहींना रोज थोडं चॉकलेट. आणि मोजायचं काय काय? वजन, कोलेस्टेरॉल, झोप, अशा अठरा गोष्टी. माणसं इतकी कमी आणि मोजमापं इतकी जास्त असली की योगायोगाने काहीतरी जमून येतंच. जमलं ते वजन. मग कागदावर एक संस्था काढली, पैसे भरून एका नियतकालिकात निबंध छापला, आणि ‘चॉकलेट खा, बारीक व्हा’ ही बातमी युरोपभर, पुढे आपल्यापर्यंतही पोहोचली. त्यानंतर बोहॅननने स्वतःच सांगितलं की हा सगळा बनाव होता. हा किस्सा मी ग्रुपवर सविस्तर लिहिला. त्यावर ३०४ मधल्या वहिनींनी विचारलं, “कोणत्या कंपनीचं चॉकलेट होतं?”

संध्याकाळी व्हिडिओ आला. एक हात, एक उकडलेलं अंडं, आणि त्याच्या आतून सोलली जाणारी पांढरी पातळ पापुद्र्यासारखी गोष्ट. खाली, “सावधान! चीनची प्लास्टिकची अंडी बाजारात.” हा व्हिडिओ जुना आहे. २०१७च्या सुमारास केरळपासून कोलकात्यापर्यंत या अफवेने लोकांना अंडी जाळून पाहायला लावलं होतं. जो दिसतो तो टरफलाच्या आतला नैसर्गिक पातळ पडदा असतो, आणि तो वाळला की प्लास्टिकसारखा लागतो. ५०१ मधला मुलगा मेकॅनिकल इंजिनिअर. त्याने शांतपणे हिशेब मांडला : साचा, दोन रंगांचं प्लास्टिक, बाहेर चुन्याचं कवच, चीनहून जहाजभाडं, आणि एवढं करून अंडं विकायचं सात रुपयांना. “असं यंत्र खरंच कुणी केलं असेल तर मी उद्या राजीनामा देऊन त्याच्याकडे कामाला जातो,” असं त्याने लिहिलं. २०३ आणि ४०२ दोघांनीही त्याला एकाच वेळी विचारलं, “तू चीनच्या बाजूने का बोलतोस?” त्या रविवारी दोघांचं पहिल्यांदा एकमत झालं.

बाय द वे, मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल असा निर्बंध व्हॉट्सॲपने भारतात २०१८ साली घातला. २०२० मध्ये फार फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी, असं आणखी आवळलं. जगात कुठे याचा उपयोग झाला असेल तर झाला असेल. ४०२ निवृत्त आहेत. त्यांच्याकडे वेळ आहे. एका वेळी एक, असं ते ऐंशी ठिकाणी पाठवतात आणि वर चालणं झालं म्हणतात, कारण पाठवताना ते गॅलरीत फेऱ्या मारतात.

रात्री अकरा वाजता मला राहवेना. दोन्ही बाजू काय चुकतात हे शांतपणे, पुराव्यानिशी समजावून सांगणारं कुणीतरी हवं होतं, आणि इमारतीत माझ्याशिवाय तसं कुणी दिसत नव्हतं. मी स्वयंपाकघरात जाऊन दिवा लावला.

“अहो, कुणाशी बोलताय एवढ्या रात्री?”

“कुणाशी नाही गं. अंड्यावर लिहितोय.”

“पेनने?”

टाइप करायला वेळ लागतो म्हणून मी बोलून लिहायचं ठरवलं. माइकचं बटण दाबलं आणि आकाशवाणीच्या आवाजात म्हणालो, “एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम प्रथिनं असतात.” फोनने ते ऐकलं, विचार केला आणि पाठवून दिलं : “एका अंड्यात साधारण सहा ग्राम प्रतिनिधी असतात.”

मी ते वाचेपर्यंत चौघांनी वाचलं होतं. २०३ : “ग्रामीण लोकप्रतिनिधींची ही चेष्टा अत्यंत निषेधार्ह आहे.” ४०२ : “कोणत्या पक्षाचे सहा? स्पष्ट लिहा.” मी घाईने मेसेज काढून टाकला, तर तिथे “हा मेसेज काढून टाकण्यात आला आहे” अशी पाटी लागली. ज्यांनी वाचला नव्हता ते जागे झाले. “काय काढलंत?” “कुणाच्या दबावाखाली काढलंत?” ३०४ च्या वहिनींना तो चॉकलेटबद्दलच असावा असं वाटलं.

माझा भाचा बंगळुरूला आकडेवारीच्या कामात आहे. त्याला फोन केला. तो म्हणाला, “मामा, पुरावे देऊच नका. २०१०चं प्रसिद्ध संशोधन आहे. माणसाला त्याच्या राजकीय मताविरुद्धचा पुरावा दाखवला की तो उलट आणखी घट्ट होतो.” माझा जीव भांड्यात पडला. म्हणजे मी कमी पडत नव्हतो, मनुष्यस्वभावच तसा होता. मी ते ग्रुपवर टाकणार इतक्यात त्याचा पुन्हा फोन. “मामा, थांबा. २०१९ मध्ये दहा हजारांवर माणसांवर, पन्नासच्या वर विषय घेऊन तपासलं, तेव्हा तसं जवळजवळ कुठेच दिसलं नाही. पुरावा दाखवला की बहुतेक लोक थोडेसे का होईना त्या दिशेला सरकतात.” मी म्हटलं, ते शक्यच नाही, माझा २०१० वरच विश्वास आहे. तो म्हणाला, “बघा!” आणि हसत फोन ठेवला. कशाला हसला ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी ३०१ मधल्या बाईंनी विषय बदलायचा प्रयत्न केला. त्या शाळेत इतिहास शिकवायच्या. आम्ही खाण्यापिण्यावरून भांडतोय हे पाहून त्यांना पंचहौद आठवलं. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमधल्या एका कार्यक्रमाला टिळक, रानडे, गोखले अशी मंडळी गेली. मिशनऱ्यांनी चहा-बिस्किटं पुढे केली. कुणी प्यायलं, कुणी नुसतं समोर ठेवून घेतलं. ज्यांनी हा सगळा घाट घातला ते गोपाळराव जोशी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान. त्यांनी हजर असलेल्यांची नावं ‘पुणे वैभव’ पत्रात छापून आणली! पुण्यात हलकल्लोळ. शंकराचार्यांकडे तक्रार, चौकशी, कोण प्यायलं आणि कोण नाही यावर खल, शेवटी प्रायश्चित्तं. दोनेक वर्षं ते पेटत राहिलं. बाईंचं लिहून झालं तेव्हा मला फार बरं वाटलं. ग्रुप होता, आमंत्रण देऊन गंमत बघणारा होता, स्क्रीनशॉट बाहेर फोडणारा तोच होता, वर तक्रारही गेली होती. एवढ्या थोर माणसांचं हे झालं तर आमचं काय!

४०२ नी फक्त एवढंच लिहिलं, “चहा शाकाहारी असतो.”

२०३ : “दूध?”

दुधावर पुढचा सबंध दिवस गेला.

या दरम्यान १०४ मधली ती मुलगी खाली घंटागाडीपाशी उभी दिसली. गाडीवरच्या मावशींना तिने तोच प्रश्न विचारला. मावशी म्हणाल्या, “ओल्यात टाका की. खत होतं त्याचं. पण तुमच्या बिल्डिंगीतून ओला-सुका वेगळा आलेला मी अजून बघितला नाही, ते आधी बघा.” घनकचऱ्याचे नियम २०१६ साली आले. ओला, सुका आणि घातक असे तीन डबे त्यात सांगितलेले होते. तिने हे उत्तर ग्रुपवर टाकलं. कुणी वाचलं नसावं, कारण तोवर आम्ही गांधीजींच्या शेळीवर आलो होतो.

१०५ मधल्या बाई शहापूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात. पहाटेची आसनगाव लोकल पकडतात, त्यामुळे ग्रुपवर त्या कधीच काही लिहीत नाहीत. त्यांनी एक मेसेज टाकला. शालेय पोषण आहारात २०२३च्या अखेरीस आठवड्याला एक अंडं सुरू झालं होतं, अंड्याच्या दिवशी त्यांच्या वर्गातलं एकही पोर घरी राहायचं नाही. एक मुलगा अर्धं अंडं खिशात घालून न्यायचा, धाकट्या बहिणीसाठी. २०२५च्या सुरुवातीला सरकारने त्याचा निधी थांबवला. “पुन्हा सुरू होणार असल्याचं कुणाला कळलं तर सांगावं, पोरं विचारतात.”

त्यावर ४०२ नी दोन्ही हात जोडल्याचं चिन्ह टाकलं. २०३ नी लाल हृदय टाकलं. मी अंगठा टाकला. मग कुणीतरी विचारलं की टाकीला पाणी किती वाजता सोडणार.

ॲडमिन म्हणजे आमचे सेक्रेटरी. तिसऱ्या दिवशी ते घाबरले. ग्रुपवर कुणी काही भलतंसलतं लिहिलं तर पोलिस आपल्याला नेणार, असं त्यांच्या मेव्हण्याने त्यांना सांगितलं होतं. ६०२ मधल्या वकिलांनी धीर दिला की मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्येच सांगितलंय, सदस्याने लिहिलेल्या मजकुरासाठी निव्वळ ॲडमिन म्हणून कुणाला दोषी धरता येत नाही. सेक्रेटरी म्हणाले, नागपूरचं नागपूरला, आपण डोंबिवलीत आहोत. आणि त्यांनी ग्रुप बंद करून फक्त ॲडमिनलाच लिहिता येईल असं करून ठेवलं. पंधरा मिनिटांत ४०२ नी ‘खुली चर्चा’ नावाचा नवा ग्रुप काढला, आणि २०३ नी ‘खरी खुली चर्चा’ काढला. दोन्हींत सगळे सदस्य तेच. आता प्रत्येक मेसेज दोन्हीकडे टाकावा लागतो आणि चुकून एकाच ठिकाणी टाकला तर बाजू घेतल्यासारखं होतं.

अखेर समोरासमोर बसून सोक्षमोक्ष लावू म्हणून सेक्रेटरींनी गच्चीवर विशेष सभा बोलावली. खुर्च्या मागवल्या, बटाटेवडे सांगितले. वेळेला आलो कोण? मी, ४०२, २०३, वडे घेऊन आलेला पोऱ्या आणि १०४ मधलं जोडपं, ज्यांना भाडेकरू म्हणून मत नव्हतं. गणसंख्येअभावी सभा तहकूब झाली आणि नियमाप्रमाणे अर्ध्या तासाने तिथेच पुन्हा भरली.

तो अर्धा तास पाहण्यासारखा होता.

“काका, बसा ना. वाऱ्यात नको, इकडे घ्या खुर्ची.”

“नको नको, तूच बस. तुझ्या आईचा गुडघा कसा आहे?”

“बरा आहे. तुम्ही दिलेल्या डॉक्टरांकडेच नेतो. वडा घ्या अजून एक.”

“अरे तेलकट झालंय जरा. बरं, ते तुझ्या पीएफचं काम झालं का? मी बोलतो त्या साहेबांशी.”

सेक्रेटरींनी विषयपत्रिका वाचली. “कुणाला काही मांडायचं आहे का?” ४०२ नी वड्याचा कागद चौकोनी घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, “नाही, तसं काही विशेष नाही.” २०३ म्हणाले, “एकमताने काय ते ठरवा.” दहा मिनिटांत सभा संपली. इतिवृत्तावर सह्या झाल्या, उरलेले वडे वॉचमनला दिले (२०३ नी स्वतः नेऊन दिले, खुर्चीतच), आणि आम्ही तिघे एकाच लिफ्टने खाली निघालो. ४०२ चौथ्याला उतरले. दार लागायच्या आत त्यांचा हात खिशात गेलेला मी पाहिला.

“सभेत वेळेअभावी काही बाबी मांडता आल्या नाहीत, म्हणून त्या येथे क्रमाने मांडत आहे,” असं दोन्ही ग्रुपवर आलं, आणि खाली मुद्दा क्रमांक एक. आमच्या लिफ्टमध्ये चौथ्या-तिसऱ्या मजल्याच्या मध्ये रेंज जाते. त्यामुळे शेजारी उभ्या असलेल्या २०३ ना तो दुसऱ्या मजल्यापर्यंत वाचता आला नाही, आणि उत्तराला जरा उशीर झाला.